दशक्रियेतला उमेदवार

रंगाआप्पा मतं मागायला घरोघर जायचा नाही. तो दशक्रियेला जायचा.

आमच्याकडं माणूस गेला की दहाव्या दिवशी नदीकाठी निम्मा तालुका गोळा होतो. एकीकडं पिंड मांडलेले असतात, मंडपात महाराजांचं प्रवचन चाललेलं असतं, आणि कावळा शिवेपर्यंत पुढारी एकामागून एक उठून श्रद्धांजली वाहतात. ज्याचा जन्म मयताशी बांधावरून भांडण्यात गेला तोही माइक धरून "पोकळी निर्माण झाली" म्हणतो. आप्पाच्या सभेला कोण येणार होतं? इथं माणसं आयती बसलेली, माइक आयता लावलेला. तो धोतर सावरत उठायचा, टोपी काढायचा, खाली बघून "मयताच्या आत्म्याला शांती लाभो" म्हणायचा आणि टोपी परत डोक्यावर ठेवायचा. टोपी बसली की भाषण सुरू.

"आता मुद्द्याचं. पुण्याची ती कंपनी. पेपर तिचा, टीव्ही तिचा, आता म्हनं रेडिओबी काढतीय. मग आपलं काय ऱ्हायलं? कान! मला निवडून द्या, म्या तिचे तुकडे पाडतो."

पुढं बसलेल्या बाया तोंडाला पदर लावायच्या. रडतात का हसतात, कळायचं नाही.

एकदा यवतला एका बागायतदाराच्या दशक्रियेला कावळा शिवेना. पोरांनी हात जोडून सगळं कबूल केलं. बहिणीला अंतर देणार नाही म्हणाले, वाटणीवरून भांडणार नाही म्हणाले. कावळे आपले बाभळीवर गप. आप्पा माइकवर. शेवटी गर्दीतून एक जण ओरडला, "आप्पा, आदी तुमी बसा खाली, मंग शिवंल त्यो!" आप्पा बसला आणि खरंच शिवला. दुसऱ्या कुणाला राग आला असता. आप्पा मला म्हणाला, "मुकादम, बघितलं का? त्या कावळ्यानंबी समदं ऐकून घेतलं आन् मगच आला."

मुकादम म्हणजे मी. दौंडला रेल्वेच्या गँगमध्ये जन्म गेला, मुकादम होऊन रिटायर झालो आणि यवतला आप्पाच्या भिंतीला भिंत लावून घर बांधलं. शाळा तिसरीपर्यंत. तेवढ्यावर हे लिहितोय. ज्याला चुका काढायच्या असतील त्यानं स्वतः लिहावं.

आप्पा आमच्या विहारातसुद्धा यायचा. आमच्यात दशक्रिया नसते, जलदान विधी असतो, पण माइक तिथंही असतोच. पहिल्यांदा आला तेव्हा सवयीनं म्हणाला, "मयताच्या आत्म्याला शांती लाभो." मी जागेवरून उठलो. म्हटलं, "आप्पा, आमी आत्मा मानीत न्हाई. बसा खाली." तो गोंधळला. सगळ्यांसमोर मला विचारतो, "मंग शांती कुणाला लाभू द्यायची?" मी म्हटलं, "तुमच्या तोंडाला." पुढच्या खेपेला मात्र तयारी करून आला. टोपी काढली आणि म्हणाला, "आत्मा न्हाई, तरीबी शांती लाभो." त्याला मीसुद्धा काही बोललो नाही.

आता ही कंपनी काय आणि आप्पाचं तिच्याशी वाकडं काय, ते सांगतो.

गावात टीव्ही आले आणि सरकारी चॅनलशिवाय काही दिसत नव्हतं, तेव्हा आप्पानं घरावर मोठी छत्री बसवली. लिंबाच्या झाडावरून, लाइटच्या खांबांवरून वायर ओढत ओढत पार कासुर्डीच्या वस्त्यांपर्यंत केबल नेली. त्यात त्याचं स्वतःचं एक चॅनल होतं. चॅनल म्हणजे काय, एका स्टुलावर कॅमेरा आणि समोर पोरांची शाळेची पाटी. रोज संध्याकाळी सातला आप्पा त्या पाटीवर खडूनं बातम्या लिहायचा. कांद्याचा भाव, हरवलेली शेळी, आणि कोण वारलं, अंत्यविधी किती वाजता. मागं कुठली तरी कॅसेट वाजत असायची. तिचा आवाज कसा बंद करायचा ते त्याला शेवटपर्यंत उमगलं नाही. त्यामुळं पाटीवर मयताचं नाव आणि मागं वरातीचा बँड. लोक जेवता जेवता बघायचे, च्च करायचे आणि मान बँडच्या तालावर हलायची.

पण विश्वास असा बसला की पाटीवर येईल तेच खरं. कासुर्डीत एक म्हातारा गेला त्या संध्याकाळी लाइट नव्हती, पाटी कुणाला दिसली नाही. दुसऱ्या दिवशी यवतच्या स्टँडवर त्याचा पोरगा एका पाव्हण्याला सांगत होता, आणि पाव्हणा मानायला तयार नाही.

"काल पाटीवर न्हवतं की."

"आरं माजा बाप हाय, मला ठावं न्हाई व्हय?"

"आसंल तुजा बाप. पर पाटीवर न्हवतं."

मग कंपनी आली. पुण्याचा मोठा पेपर तिचा, त्यातच केबलचा धंदा. आधी तिनं शिरूर घेतलं, मग नदी ओलांडून आमच्याकडं आली. आप्पाला म्हणाले, छत्री काढा, वायर आम्हाला द्या, तुम्हाला वसुलीला ठेवून घेतो. आप्पानं त्यांना चहा पाजून परत लावलं. पण पुढं त्याची बायको, सुमनवहिनी, दवाखान्यात होती त्या दिवसांत कंपनीची माणसं येऊन खांबांवरची आप्पाची वायर तोडून आपली जोडून गेली. पाटी संपली. वहिनीही त्याच आठवड्यात गेली. मी तेव्हा मुलीकडं दौंडला होतो. मला तिसऱ्या दिवशी कळलं.

त्यानंतर आप्पा विधानसभेला उभा राहिला. अपक्ष. गावाला वाटलं, धंदा गेला म्हणून सूड उगवतोय. मलाही तेच वाटलं. आमदाराला कंपनी फोडता येते का, मला माहीत नाही. त्यालाही नव्हतं. मी विचारलं तर म्हणाला, "आधी निवडून तर येऊ द्या. कुठून फोडायची ते मग बघू."

आणि मजा अशी झाली की मोठ्या पक्षाचा उमेदवारही तेच बोलायला लागला. पांढऱ्या गाडीतून फिरायचा तो. कंपनीचा पेपर तेव्हा त्याच्याविरुद्ध लिहीत होता. यवतच्या बाजारात टेबलावर उभा राहून तो गरजला, "निवडून आलो की या कंपनीचे तुकडे तुकडे करीन!" आप्पा गर्दीत होता. त्याचे डोळे भरून आले. सरळ मला म्हणाला, "मुकादम, म्या माघार घेतो. काम झाल्याशी मतलब. त्यो करतोय तर त्यो करू द्या." हार आणला, दौंडला तहसीलला जायची तयारी केली. सकाळी एसटीची वाट बघत आम्ही हॉटेलात बसलो तर पेपर आला. पहिल्या पानभर पांढऱ्या गाडीवाला, दात काढून. खाली त्याच्या बापजाद्यांचं कौतुक. टीव्हीवरही तोच.

आप्पाला चष्म्याशिवाय दिसायचं नाही. म्हणाला, "वाचा."

मी वाचलं. माझं वाचन सावकाश.

"तुकडे करायचं कुटं आलंय?"

"न्हाई आलं."

"मागच्या पानावर बघा."

मागच्या पानावर सिनेमे होते. आप्पानं हार हॉटेलवाल्याच्या गणपतीला घातला आणि आम्ही घरी आलो.

निवडणूक कचेरीनं त्याला चिन्ह दिलं टीव्ही. गाव पोट धरून हसलं. आप्पा दशक्रियेत तो कागद दाखवून सांगायचा, "हितं शिक्का मारा. म्होरं फोडायचं काम माजं." निकालाच्या दिवशी पांढरी गाडी गुलालानं लाल झाली. कंपनीच्या पेपरात सगळ्यांची नावं आली आणि शेवटी लिहिलं होतं, "व इतर". आप्पानं ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. "इतर म्हंजी म्या का?" म्हणाला. मी त्याला मत दिलं की नाही, ते कुणी विचारू नये.

मला वाटलं, आता हा घरी बसेल. तर आठवडाभरानं सकाळीच दारात. "मुकादम, राहूला दशक्रिया हाय. चला. हिंदी बोलाय तुमी पायजे."

"आता कशाला? मतं झाली की."

"चला म्हनतो ना."

राहू गावात गुऱ्हाळावर उत्तरेकडून मजूर येतात. त्यातला एक तरणा पोरगा तापानं गेला होता. नदीवर गेलो तर मंडप नाही, माइक नाही, महाराज नाहीत. गुऱ्हाळाचा मालक, एक भटजी आणि मेलेल्याच्या शेजारच्या गावचा एक सोबती, रामदीन. मालकानं माणुसकीनं आपल्या रिवाजाप्रमाणं सगळं मांडलं होतं. कावळा लगेच शिवला. वाट बघणारं कुणी नव्हतंच.

आप्पानं टोपी काढली. मी म्हटलं, आता कंपनी. पण त्यानं टोपी डोक्यावर ठेवलीच नाही. रामदीनला म्हणाला, "इसके घर में कौन?"

"माँ है."

"उसको मालूम है?"

रामदीन मालकाकडं बघायला लागला. मालक म्हणाला, "आप्पा, फोन लागला न्हाई त्या दिवशी. मंग ऱ्हाऊनच गेलं."

आप्पा रामदीनच्या दंडाला धरून त्याला राहूच्या एसटीडी बूथवर घेऊन आला. मेलेल्या पोराच्या गावच्या एका किराणा दुकानाचा नंबर रामदीनकडं होता. खूप वेळा फिरवल्यावर लागला. दुकानदार म्हणाला, म्हातारीला बोलावतो, अर्ध्या तासानं करा.

आम्ही पायरीवर बसलो. आप्पा टोपी गुडघ्यावर ठेवून रस्त्याकडं बघत होता. मग एकदम म्हणाला, "आमचं मयत संध्याकाळी घरी आनलं. कासुर्डीला सुमनच्या आक्काला सांगाया मानूस धाडला न्हाई. कशाला धाडायचा? पाटीवर नाव लिव्हलं, कॅमेरा लावला. टीव्ही लावून बघायचं काय सुचलं न्हाई."

मी त्याच्याकडं वळून बसलो.

"वायर तुटल्याली मला ठावंच न्हवतं, मुकादम. सकाळी आक्काची वाट बघत मयत ठिवलं. उन्हं वर आली. लोकं म्हनली, आता न्हाई यायची ती, उचला. उचललं."

"मग?"

"दुसऱ्या दिशी आली. डब्यात तांदळाची पेज घिऊन. सुमनला पेज लई आवडायची. आक्का वस्तीवर रोज सातला टीव्हीम्होरं बसत व्हती. दारात हुबी ऱ्हाऊन मला म्हनली, पाटीवर आलं न्हाई, म्हंजी बरी हाय, मला ठावं व्हतं."

त्यानं टोपीवरची धूळ झटकली.

"ती पेज म्याच खाल्ली. तिच्याम्होरं बसून. मग सांगितलं."

बूथवाल्यानं हाक मारली. फोन लागला होता. मी उठलो, कारण हिंदीसाठी मला आणलं होतं. पण आप्पानं रिसीव्हर मला दिला नाही, रामदीनलाही दिला नाही. पलीकडून म्हातारीचा आवाज काचेबाहेर ऐकू येत होता. पोराचं नाव घेऊन ती हसत काहीतरी विचारत होती.

"माई," आप्पा म्हणाला, "मैं यवत से रंगनाथ बोलता. तुम्हारे पास कौन है? कोई बाई है? उसको बुलाव. पैले नीचे बैठो."

पलीकडचं हसणं थांबलं.

बूथवाल्यानं काचेवर टकटक केलं आणि पळणाऱ्या मीटरकडं बोट दाखवलं. आप्पानं त्याच्याकडं पाठ केली, दोन्ही हातांनी रिसीव्हर धरला आणि म्हणाला, "बैठो, माई. घाई नहीं. मैं रुकता है."