मानेची प्रवेश परीक्षा

शिंप्याची मान धरली, तेव्हा त्याने आधी उशी बदलली, मग कूस बदलली. पुढे उजव्या हाताची बोटं इतकी बधिर झाली की सुई बोटात शिरली तरी कळेना, तेव्हा त्याने डॉक्टर बदलला. नव्या डॉक्टरांनी एमआरआय सांगितला.

रुग्णालयाच्या खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "पूर्वज्ञान झालंय का?"

"नाही हो. मला मानेचं सांगितलंय."

पूर्वज्ञान हा नवा विभाग होता. मध्यंतरी एक गृहस्थ खिशात किल्ल्यांचा जुडगा ठेवून यंत्राच्या खोलीत शिरले होते. चुंबकाने जुडगा ओढला, जुडग्यामागोमाग विजार गेली आणि विजारीत असल्यामुळे गृहस्थही गेले. चौकशी समितीने किल्ल्यांना निर्दोष ठरवलं. दोष रुग्णाच्या अज्ञानाचा होता. म्हणून रुग्णांना सूचना देणं सुरू झालं. त्या समजल्या कशावरून, म्हणून परीक्षा आली. परीक्षा आली म्हणताच समोरच्या औषधवाल्याने दुकान मोडून क्लास काढला.

शिंपी मनापासून अभ्यासाला लागला. त्याची बायको शर्टांना काजं करता करता उजळणी घ्यायची.

"आत जाण्याआधी?"

"घड्याळ, अंगठी, कवळी, सगळं काढून ठेवावं. पेसमेकर असेल, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला असेल, तर आधीच सांगावं."

"आत जीव घाबरला तर?"

"हातातलं बटण दाबावं. श्वास घ्यावा."

"अहो, संथ! संथला मार्क आहेत."

अडचण एकच होती. मान खाली घालता येत नसल्यामुळे शिंप्याला पेपर दिसेना. त्याने लेखनिक मागितला. जावई आनंदाने तयार झाला. आयुष्यभर परीक्षाच दिलेल्या त्या माणसाला नोकरी लागल्यापासून चुकल्याचुकल्यासारखं होत होतं. पण परीक्षा नसलेल्या माणसाला परीक्षेच्या वर्गात बसवणार कसं? तेव्हा नियमानुसार जावयाचंही नाव नोंदवण्यात आलं. आजाराच्या रकान्यात त्याने 'नाही' लिहिलं. त्यावर कोणाचीच हरकत नव्हती.

लेखी परीक्षा दोघांनाही छान गेली. मग प्रात्यक्षिक आलं. उमेदवाराला लाकडी नळकांड्यात झोपवून बाहेरून दोन शिपाई पत्र्याचे डबे बडवत, आणि आतल्याने हलायचं नसे. जावई असा निपचित पडला की परीक्षकांनी घाबरून त्याची नाडी पाहिली. शिंप्याने मान टेकवली मात्र, खांद्यातून अशी कळ गेली की तो ओरडलाच.

"का हललात?"

"साहेब, मान दुखते."

"तेच तर!" परीक्षक हताशपणे म्हणाले. "ज्यांना दुखतंय त्यांनीच आमचा निकाल खाली आणलाय."

निकाल लागला. शिंपी नापास झाला आणि जावई पहिला आला. जावई ओशाळून खिडकीपाशी गेला. "माझा नंबर सासऱ्यांना द्या ना. मला काहीच झालेलं नाही."

"गुणवत्तेवर मिळालेला एमआरआय हस्तांतरणीय नसतो," बाई म्हणाल्या. "आणि काही झालेलं नाही म्हणता ना? मग चित्र किती स्वच्छ येईल!"

खरोखरच आलं. इतकी निर्मळ मान त्या यंत्राने कधी पाहिली नव्हती. रुग्णालयाने जावयाचा सत्कार करून त्याला 'आदर्श रुग्ण' घोषित केलं. शिंप्याच्या लेकीने ती फिल्म चौकटीत बसवून मागे दिवा लावला, नि येणारा-जाणारा त्या मणक्यांचं तोंडभरून कौतुक करू लागला. शिंप्याने जावयाची पाठ थोपटली. डाव्या हाताने.

"वाईट वाटून घेऊ नका," जावई म्हणाला. "पुरवणीला बसा, मी शिकवतो."

शिंपी पुरवणीला बसला, पुन्हा हलला, पुन्हा राहिला. आता त्याच्या हातात कात्री टिकत नाही. कापणं, शिवणं, काजं, सगळं बायकोच करते. तो भिंतीकडे ताठ बघत मापं सांगतो आणि मधूनच बोटं चोळतो.

ही हकीगत मी बऱ्याच जणांना सांगितली. सगळी शिकलेली, कळवळ्याची माणसं. प्रत्येकाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, हळहळ व्यक्त केली आणि मग जरा पुढे वाकून तोच एक प्रश्न विचारला, जो मघापासून तुमच्याही ओठांवर आहे:

"पासिंग कितीला होतं हो?"