सबनीसांच्या नावावरची फोडणी

ही हकिकत सांगायची मी बरीच वर्षं टाळली. सबनीसांचा विषय निघाला की मी काहीतरी निमित्त काढून उठायचो. आता गुडघ्यांमुळे उठणंही जमत नाही, तेव्हा सांगूनच टाकतो.

सबनीस बॅगा हुंगायचे. परदेशात, क्लेमेंटी नावाच्या वस्तीत, आमच्या ब्लॉकमधलं कुणी मराठी माणूस सहलीला निघालं की हे आदल्या संध्याकाळी हजर. चहा घ्यायचे, मग बॅग उघडायला लावून तीत नाक घालायचे आणि डोळे मिटून म्हणायचे, "उजव्या कोपऱ्यात लसणाची चटणी. काढा."

चटणी निघायचीच.

"अहो, जपानला चाललात की लग्नाच्या पंगतीला? सामान कमी घ्यावं आणि जीभ घरी ठेवावी!" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. जहाजं दुरुस्त करण्यात जन्म गेलेला, बंदरोबंदरी मिळेल ते खाल्लेलं. ताटात आठ पायांचा प्राणी आला तरी हा गृहस्थ फक्त लिंबू मागायचा.

लोक वैतागायचे, पण बोलवायचे. पोरं तर आपापली दप्तरं पुढे करायची. बायको गेल्यापासून एकट्या राहणाऱ्या त्या माणसाच्या संध्याकाळी लोकांच्या बॅगांवर निभायच्या, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

माझीही बायको गेली होती. मी समीरकडे, माझ्या मुलाकडे, राहायला आलो होतो. एकदा गॅसवर दूध ठेवून खाली फिरायला गेलो आणि घरभर धूर झाला. समीर घाबरला. "बाबा, पुन्हा असं झालं ना, तर पुण्याला चांगला वृद्धाश्रम बघावा लागेल," म्हणाला. तेव्हापासून मी शेगडीकडे परक्याच्या बायकोकडे पाहावं तसं चोरून पाहत असे.

सबनीसांच्या पंचाहत्तरीला त्यांच्या मुलीने, मुग्धाने, एका ग्रीक बेटावरच्या मोठ्या हॉटेलात दोघांची खोली घेतली. ऐन वेळी तिला रजा मिळेना. सबनीस माझ्या दारात उभे राहिले. "भागवत, चला. एक बिछाना रिकामा राहतोय."

निघायच्या आधी माझी बॅग हुंगली गेली. मी डाळीचं पीठ, मोहरी आणि हिंगाची डबी लोकरी मोज्यांत गुंडाळली होती. सबनीसांनी नाक आत घातलं, जरा वेळ तसेच राहिले आणि चेन लावून टाकली. "छान," म्हणाले. मी मनात म्हटलं, म्हाताऱ्याचं नाक गेलं.

हॉटेल म्हणजे डोंगराच्या कड्याला चिकटलेली पांढरीशुभ्र साखर. खोलीच्या दारातच आपला स्वतःचा छोटा पोहायचा तलाव, खाली समुद्र, आणि आत एक शोभेचं स्वयंपाकघर. सबनीस पहिल्या सकाळपासून तिथलेच झाले. खारवलेले ऑलिव्ह, मेंढीच्या दुधाचं चीज, कोळशावर भाजलेला मासा, सगळ्याला "वा!" वेटरच्या आईच्या संधिवाताचीसुद्धा चौकशी. मी दही-काकडीवर दिवस ढकलत होतो.

एका संध्याकाळी सगळं हॉटेल सूर्यास्त बघायला पेले घेऊन बसलं होतं. सबनीस गळ्यापर्यंत पाण्यात, डोक्यावर गवती टोपी. मला राहवलं नाही. पिठलं करायला घेतलं. तिथलं ऑलिव्हचं तेल कढल्यात ओतलं आणि आपल्या शेंगदाण्याच्या तेलासारखं तापायची वाट पाहत बसलो. त्या तेलाला तेवढा धीर नसतो, हे मला कुठे ठाऊक? त्यात मोहरी, हिंग, तिथल्याच लाल मिरच्या आणि वर कालवलेलं पीठ. जो धूर उठला तो छताला लागला आणि हॉटेलभर घंटा वाजू लागल्या.

माणसं ओल्या अंगाने, पांढऱ्या झग्यांत, पेल्यांसकट गाड्यांच्या आवारात जमली. निम्मी शिंकत होती. व्यवस्थापक बाईंनी विचारलं, "कोण शिजवत होतं?" मी पिठाचे हात पाठीमागे घेतले.

"मी," सबनीस ठिबकत पुढे आले. "आय अॅम द कूक."

बाई म्हणाल्या, ज्यांनी खोली घेतली त्यांना कळवावं लागेल. खोलीत आल्यावर मी म्हटलं, "सबनीस, अहो, हे काय केलंत?"

"गप्प बसा. समीरला कळलं तर तुमची पुढची सहल थेट पुण्याला."

मग त्यांनी करपलेलं पिठलं तिथल्या जाड पोळीबरोबर पुढे घेतलं. "मोज्यांनी हिंग अडतं होय हो? तुमच्या घरीच कळलं मला."

"मग काढलं का नाहीत?"

"वहिनी गेल्यापासून तुम्हाला धड जेवताना पाहिलं नव्हतं," ते म्हणाले आणि पोळी मोडू लागले.

मुग्धाला हॉटेलचा फोन गेला आणि आम्ही परतायच्या आत गोष्ट सगळीकडे झाली. दिवाळीच्या फराळाला सबनीस आले तेव्हा कुणीतरी ओरडलं, "या, फोडणीवाले! जीभ बरोबर नेलीत वाटतं?" सगळे हसले. माझी नात इथल्या इंग्रजीत म्हणाली, "सबनीस आजोबा सो नॉटी लाह!" समीरने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बघा, त्यांच्यापेक्षा आमचे बाबा शहाणे." सबनीसही हसले. मी चिवडा चावत राहिलो.

त्यानंतर त्यांना बॅग हुंगायला कुणी बोलावलं नाही. संध्याकाळी ते ब्लॉकखालच्या बाकावर बसत आणि विमानतळाकडे निघालेल्या टॅक्सींना हात करत.

पुढे ते आजारी पडले आणि मुग्धाने त्यांना शहराच्या दुसऱ्या टोकाला, हौगांगला, आपल्या घरी नेलं. मी गेलो तेव्हा ती उशाशी होती. तिच्यासमोरच बोलायचं होतं. "मुग्धा, ते हॉटेलातलं..." एवढं म्हणालो आणि सबनीसांनी माझं मनगट दाबलं. "भागवत, समीर जेवायला बसतो ना तुमच्याबरोबर?"

"बसतो. रोज."

"मग झालं," म्हणाले आणि डोळे मिटले. ती आमची शेवटची भेट.

परवा जेवताना समीरला सगळं सांगितलं. तो पोट धरून हसला. मग माझ्या ताटात भात वाढत म्हणाला, "बाबा, मी तुम्हाला कधीच पाठवलं नसतं हो." इतक्या वर्षांचं ओझं असं भाताच्या दोन घासांमध्ये उतरलं. रात्री गाढ झोपलो.

हौगांगला मात्र जे बोलायचं होतं ते राहिलंच. ते एवढंच होतं: मुग्धा, फोडणी मी केली. तुझे बाबा शब्दाचे पक्के होते, जीभ घरी ठेवूनच आले होते. सबनीस, मला माफ करा.