भिंतीला हात लावणारा भानुदास

भानुदास कोणाच्याही घरी गेला की पाणी मागायच्या आधी भिंतीला तळहात लावतो. डोळे मिटतो. मग निकाल देतो. एकदा पांढरकवड्याला मी लग्नातल्या बँडची सुपारी ठरवत होतो. यजमान तासभर घासाघीस करून कसाबसा माझ्या आकड्यावर आला होता. तेवढ्यात भिंतीपाशी उभा असलेला हा म्हणाला, "या घरात कोनाचं कोनाशी जमत नाही, भाऊ. भिंत बेसूर वाजून राह्यली."

सुपारी गेली. ते मी अजून विसरलेलो नाही.

डोक्यावर गॅसबत्ती घेऊन वरातीत चालणारा मी. तिथून स्वतःची बँड पार्टी उभी केली. भानुदास तिच्यात आला तो मुंबईच्या हॉटेलातून. तिथं तो डबल बेस या माणसाहून उंच तंतुवाद्यावर जॅझ वाजवायचा. हॉटेलवाल्यांनी टेपरेकॉर्डर आणला आणि हा ते धूड एसटीच्या टपावर बांधून गावी परतला. इथं त्याने त्याच तारांवर भीमगीतं धरली, कव्वाली धरली, बंजारा तांड्यावरची होळीसुद्धा सोडली नाही. कुठेही विचारा, उत्तर एकच. "मी खालून सूर धरतो, तुमी वरतून नाचा." आमच्या वरातीत तो हातगाडीवर उभा राहून वाजवी, पायाशी स्पीकरचा डबा.

कापसाने दगा दिला ती वर्षं. लग्नं पुढे ढकलली जात, नाहीतर देवळात चार माणसांत उरकली जात. दर सुपारीला माझा जीव टांगणीला. त्यात वरातीच्या वाटेवर दुखवट्याची घरं वाढली. वर्षाच्या आत मयत झालेल्या घरापुढे बँड बंद ठेवायचा, हा आमच्याकडचा रिवाज. तिथं कोणी वाजवलं आणि भांडण पेटलं, तर त्या भागात आम्हाला पुन्हा कोणी बोलावणार नाही, या धास्तीने मी सगळ्यांच्या पुढे चालायचो.

राळेगावकडच्या एका वरातीत तसं घर आलं. मी हात वर केला. क्लॅरनेट थांबलं, ढोल थांबला. पण पायाखाली काहीतरी घुमतच राहिलं. वळून पाहतो तर भानुदास! आवाज अगदी बारीक करून वाजवतोय.

"बंद कर बे! मार खाऊ घालतं का मले?"

"लय हळू आहे, भाऊ."

मी वायर उपटायला धावलो, तोच घरातून एक म्हातारी बाहेर आली. मी आधीच हात जोडले. "माफ करा काकू, येडा आहे हा."

"माफी कायले?" ती म्हणाली. "पोरगा गेल्यापासून वराती येते, आमच्या दारापुढं मुक्या होते अन् निघून जाते. जसं सारं घरच मेलं. सून तर खोलीतून निघत नाही. आता हे घुमणं आलं तं भिंतीले हात लावून उभी आहे."

मी भानुदासकडे पाहिलं. त्याने तारेवरची नजर उचलली नाही.

"माही बायको गेली थ्या वर्षी मीबी असाच उभा राहत होतो, भाऊ," तो म्हणाला. "भिंतीतून काहीच येत नव्हतं."

पुढून नवरदेवाचा मामा ओरडला, "ओ बँडवाले! काहून थांबले? मुहूर्त टळून राह्यला!"

"वायर ढिली झाली, मामाजी. जोडून राह्यलो," मी म्हणालो. आणि ती धडधाकट वायर हातात धरून तसाच उभा राहिलो.