वाऱ्याचा सत्कार

चूक खेर्डेकर सरांची होती. ड्रोनच्या चाचणीला प्रमुख पाहुणा म्हणून त्यांनी वाऱ्याला बोलावलं.

पठारावरच्या त्या कॉलेजात सत्काराशिवाय काही होत नसे. नवा पंखा बसवला तरी कुणाच्या तरी गळ्यात हार पडे. आता वाऱ्यातही ड्रोन स्थिर राहतो हे दाखवायचं, तर वाऱ्याला नुसतं 'या' म्हणणं बरं दिसलं नसतं. वारा वेळेवर आला. खांद्यावरची शाल फडफडत होती, तिच्याकडे त्याने लक्ष दिलं नाही. नारळ अदबीने सोफ्यावर ठेवला आणि स्वतः उभाच राहिला.

ड्रोन प्रणित ढवळेचा. दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडून बसलेला. चाचणी नीट झाली तर परत वर्गात घेऊ, असं सरांनी कबूल केलं होतं. मोटारींची ताकद संपली की ड्रोनने आणखी मागत बसू नये, न मिळालेलं मनात साठवू नये, अशा चार ओळी प्रणितने प्रोग्रॅममध्ये घातल्या होत्या. सरांनी त्या काढायला लावल्या. मर्यादा आधीच सांगून ठेवली की मोटार आळशी होते, पोरांचंही तसंच, हे त्यांचं शास्त्र. या शास्त्रावर त्यांनी चाळीस बॅचेस नासवल्या होत्या. प्रणितने मान खाली घालून ओळी पुसल्या.

वारा समोरून वाहू लागला. ड्रोन त्याच्याकडे तोंड करून जागच्या जागी थरथरत राहिला. मोटारी जीव खाऊन फिरत होत्या, तरी ड्रोन आतल्या आत आणखी मागत होता आणि न भागलेली मागणी साठत चालली होती. टाळ्या पडल्या. सरांनी माइक घेतला. शिक्षण अर्धवट टाकलेल्या मुलाला आपण कसं हाताशी धरलं, हे सांगता सांगता त्यांच्या लक्षात आलं की पाहुणे अजून उभेच आहेत.

"साहेब, बसून घ्या ना आपण."

वारा बसला.

अडवायला समोर कुणी उरलं नाही. साठवलेल्या सगळ्या मागणीनिशी ड्रोन सुटला आणि थेट सोफ्यावर, वाऱ्याच्या छातीत घुसला.

मंडपाची झालर लोंबती पडली. कुणीतरी पाणी आणलं. ड्रोनचा प्रोग्रॅम या मुलाने लिहिलाय, असं सरांनी माइकवरूनच जाहीर केलं. वाऱ्याने प्रणितला जवळ बोलावलं.

"मी बसल्यावर हा पुढे येणार, हे तुला माहीत होतं?"

"हो."

"मग बसू नका म्हणायचंस की."

"सर बोलत होते."

कट्ट्यावर सरांची नक्कल करून पोरांना हसवणारा हाच प्रणित. हेच सर, त्यांच्याच सुरात, कितीदा त्याने सोलून काढले होते.

वाऱ्याने शालीची घडी घातली. "बरोबर आहे. मोठी माणसं बोलताना मध्ये बोलू नये," असं तो म्हणाला, तेही न चिडता. त्यापेक्षा कानाखाली वाजवली असती तर प्रणितला बरं वाटलं असतं.

पुढे सरांनी रीतसर दिलगिरी कळवली आणि वाऱ्याने ती स्वीकारली. आता तो स्नेहसंमेलनालाही येतो, सरांच्या शेजारी बसतो.

प्रणितला वर्गात घेतलं नाही. वारा त्याला वळसा घालून जातो. गच्चीत एकाच दोरीवर आईच्या साड्या तासाभरात वाळतात. त्याचे शर्ट ओलेच राहतात, आणि तो ते तसेच घालतो.