सातवी खुंटी

गिऱ्हाईक टिकवण्याची योजना लोरेन्झ हुमलच्या ब्रुअरीत आली ती त्याच्या सुनेच्या बॅगेतून, आणि त्याला ती मुळीच नको होती. पण सुनेला नाही म्हणायची त्याची छाती नव्हती.

"बाबा, मासिक-बिसिक नको, आठवड्याची वर्गणी ठेवू," सिल्के म्हणाली. ती न्यूर्नबर्गला ऑफिसात होती, त्यामुळे तिला सगळं ठाऊक होतं. "दर शनिवारी वीस बाटल्यांचं क्रेट घरपोच. वर्षभराचा करार. माणूस बांधला गेला की हायवेवरच्या दुकानात कशाला जातोय?"

"पण माझी पक्की गिऱ्हाइकं सहाच आहेत गं. ती कुठे पळून जाताहेत?"

"म्हणूनच आत्ता बांधून घ्या."

ब्रुअरीला लागून लोरेन्झचा पब होता आणि तिथे शेगडीजवळच्या टेबलावर हे सहा म्हातारे चाळीस वर्षं रोज चारला बसत. प्रत्येकाचा मातीचा मग भिंतीवर आपापल्या खुंटीला. हा मग खुंटीवरून कायमचा उतरायचा तो माणूस गेल्यावरच. लोरेन्झ तो धुवायचा, वर्तमानपत्रात गुंडाळायचा आणि विधवेच्या हाती नेऊन द्यायचा. शवपेटीला खांदाही टेबलावरच्यांनीच द्यायचा. बायको मार्ग्रेट गेल्यापासून लोरेन्झला घर असं उरलं नव्हतं. चार ते सात हेच काय ते त्याचं घर.

सहाही जणांनी पहिल्या दिवशीच सह्या केल्या. निष्ठेत कमी पडायचं कुणालाच नव्हतं. जमीन नोंदणी कचेरीतून निवृत्त झालेल्या ओटमारने तर सतराही कलमं उभ्याउभ्या वाचली आणि तो म्हणाला, "छान आहे. पळवाट एकही नाही."

पहिली क्रेटं पोचली आणि सोमवारी चारला कुणी आलं नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी लोरेन्झ बाप्टिस्ट सुताराच्या घरी गेला. बाप्टिस्ट स्वयंपाकघरात बाटल्यांपुढे परीक्षेला बसल्यासारखा बसला होता.

"यायचं नाही का रे?"

"कसा येऊ? शनिवारी नवीन येणार. त्याआधी हे रिकामं नको व्हायला? अकरा राहिल्यात."

"राहू देत की."

"भरलेली बाटली परत पाठवू? तुझी बियर मला आवडेनाशी झाली असं गावाला दाखवू?" बाप्टिस्ट दुखावला. "चाळीस वर्षांची मैत्री आहे, लोरेन्झ. मी संपवीन."

लोरेन्झ तसाच ओटमारकडे गेला. "करार मोडून टाकू या बाबा."

"वर्षभर मोडता येत नाही. पुढेही तीन महिने आधी लेखी कळवावं लागतं. कलम नऊ."

"अरे, करार माझाच आहे ना? मी सोडतो तुला!"

"तू सोडशील रे. सही मी केलीये." ओटमार जरा घुटमळला. "एक कर. ग्लासातून घशाखाली उतरत नाही. शनिवारी येताना माझा मग घेऊन ये."

लोरेन्झला फार वाईट वाटलं, पण गिऱ्हाइकाला नाही कसं म्हणायचं? एकाला दिल्यावर बाकीच्यांनीही मागितले. तीन आठवड्यांत पाच खुंट्या उघड्या पडल्या. पिंपातली बियर कुणी प्यायलं नाही म्हणून आंबली, ती त्याने परसात ओतली. त्याच दिवशी सिल्केचा फोन आला. "बाबा, एकही गिऱ्हाईक सुटलं नाही! आहे ना कमाल?"

"आहे," लोरेन्झ म्हणाला.

चौथ्या शनिवारी शेवटचा मग उरला होता, फाइटचा. लोरेन्झने तो धुतला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि अंगणातल्या गाडीत ठेवला. पाव घेऊन आलेल्या बेकरीवाल्या कुनीने ते पुडकं पाहिलं, त्याचे ओले डोळेही पाहिले.

"अरे देवा! कुणाचा?"

"विचारू नकोस, कुनी," म्हणून त्याने गाडी चालू केली.

कुनीने विचारलं नाही. पण असली गोष्ट पोटात तरी किती ठेवायची? दोनपर्यंत गावभर झालं की टेबलावरचा एक गेला. कोण ते कुणालाच ठाऊक नव्हतं, बातमी कुठून निघाली तेही नाही. दुःखाच्या घरी फोन करून चौकशी करायची आमच्याकडे पद्धत नाही.

चारला ओटमार काळा कोट घालून पबात आला. आत बाप्टिस्ट बसलेला, काळ्याच कोटात.

"म्हणजे तू नाहीस?"

"मी कशाला? मला वाटलं तू!"

एकेक करत बाकीचे आले. शेवटी वाकड्या टायमध्ये फाइट आला. ओटमारने दोनदा मोजलं. सहा.

"सगळे तर आहोत," तो म्हणाला. "मेलं कोण?"

सहाजणांनी गार शेगडीकडे पाहिलं, बियरच्या कोरड्या नळाकडे पाहिलं, आज कुणाच्याच दारात क्रेट आलं नव्हतं हे आठवलं, आणि पुढे कुणाला काही सांगावं लागलं नाही.

"आपणच मारलं त्याला," बाप्टिस्ट रडायलाच लागला. "दारात आला होता रे! मी बस म्हटलं नाही. बाटल्या मोजत राहिलो."

"खांद्याला सहाजण पुरतील," ओटमार जड आवाजात म्हणाला. "पण त्याचा मग द्यायचा कुणाला? मार्ग्रेट तर नाही."

"त्याचा मग होता कुठे?" फाइट म्हणाला. "त्याला खुंटीच नव्हती कधी. आपल्याला सुचलंच नाही."

तेवढ्यात दार ढकलून लोरेन्झ आत आला. एका हातात क्रेट, काखेत पुडकं. "फाइट, तासभर दारात उभा होतो तुझ्या, कुठे तडमड..." काळे कोट पाहून त्याने टोपी काढली. "कोण गेलं?"

"तू!" ओटमार ओरडला. "लाज नाही वाटत?"

"माफ करा," लोरेन्झ म्हणाला.

बाप्टिस्टने त्याला मिठी मारली ती क्रेटसकट. ओटमारने नाक शिंकरलं आणि कोटाच्या खिशातून करार काढला. वर्गणीदार मेल्यास काय, ते बघायला त्याने तो आणलाच होता. "कलम बारा," तो वाचू लागला. "मालाचा पत्ता वर्गणीदार केव्हाही लेखी बदलू शकतो."

सहाजणांनी तिथेच लिहून दिलं, शेगडीजवळचं टेबल. लोरेन्झने शेगडी पेटवली, आपापले मग आणायला पाचजण घरी पळाले, आणि अर्ध्या तासात खुंट्या एकेक करून भरल्या. आनंदाच्या भरात त्याने एक बाटली उचलली. ओटमारने तिच्यावर हात ठेवला.

"ही वर्गणीदारांची आहे."

"अरे, मी बनवलीये!"

"विकलीस." ओटमारने कोरा फॉर्म पुढे सरकवला. "वर्षभराचा."

"मी एकाहत्तरचा आहे, ओटमार. वर्षभराचं मी काय सांगू?"

"सही केलीस की मध्येच सोडून जाता येत नाही. कलम नऊ."

"हातोडी कुठे ठेवतोस रे?" भिंतीपाशी उभा असलेला बाप्टिस्ट विचारत होता. लोरेन्झने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि सही केली.