आबांच्या फेट्यावरचा पाहुणा

बारावीच्या पोरांना इंटिग्रेशन शिकवणारा माणूस एक अळी आठवडाभर सांभाळू शकत नाही? हा प्रश्न मी बायकोला छाती पुढे काढून विचारला होता!

बायको म्हणजे डॉ. सुकन्या. फुलपाखरं आणि पतंगांची वंशावळ लावते. कोण कुणाचा चुलत, कोण नुसताच सारखा दिसणारा! सगळे ज्याला एकच जात समजतात, त्या खऱ्या दोन जाती आहेत आणि लाखो वर्षांपूर्वीच वेगळ्या झाल्यात, असं तिचं म्हणणं. त्यासाठी तीन वर्षं तिने टेकड्या तुडवल्या. शेवटी बेलाच्या झाडावर ही अळी सापडली. एकच! तिच्यातून कोणतं फुलपाखरू निघतं, यावर सगळं अडलं होतं. आणि नेमकं तेव्हाच तिला परिषदेसाठी बंगळुरूला जावं लागलं.

"अहो, डब्याचं झाकण घट्ट लावा हं."

"अगं, जा तू निर्धास्त!"

ती गेली आणि मला अळीची दया आली. बिचारी गुदमरत असेल! मी झाकण जरासं तिरकं ठेवलं. सकाळी बघतो तर डब्यात अर्धं पान आणि लेंड्या!

डोळे तपासायला आमच्याकडे बारामतीला आलेले माझे सासरे सोनबाआबा सोफ्यावर बसले होते. डॉक्टरेटबद्दल लेकीचा गावी डाळजला सत्कार ठरलेला, म्हणून नवा लाल फेटा त्यांनी आधीच बांधून आमच्या कपाटावर, डब्याशेजारी ठेवला होता.

"आबा, अळी बघितलीत का?"

"कंची? वांग्यातली?"

मी गाद्या उलथल्या, फ्रीज ओढला, मिक्सर उघडून बघितला. तेवढ्यात फोन!

"कशी आहे?"

"मजेत! सारखी खातीये!"

"अजून खातीये? आता तर कोश करायला हवा. फोटो पाठवा बरं."

अंगणातल्या लिंबोणीवर तशीच एक अळी होती. तिचा फोटो पाठवला. लगेच फोन!

"ही कोण?"

नवऱ्याच्या फोनमध्ये परकी बाई दिसल्यावर बायका विचारतात ना, अगदी त्या आवाजात! मी सगळं कबूल केलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, "तीन वर्षं, अहो..." आणि रडायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परत आल्यावर तिने माझ्याशी जेवणापुरतंच बोलणं ठेवलं. त्यातच सत्काराचा रविवार उजाडला. डाळजला मांडव भरला होता. स्टेजवर आबा नवा फेटा घालून ऐटीत बसलेले, शेजारी सुकन्या, मागे मी. सरपंच दादासो माइकवर रंगात आले होते. सहज माझी नजर आबांच्या फेट्यावर गेली. मागच्या घडीत तपकिरी काहीतरी चिकटलं होतं. ते हललं!

"सुकन्या!" मी कुजबुजलो.

तिने पाहिलं आणि किंचाळली, "आबा, हलू नका!"

सरपंचांना वाटलं, साप! त्यांनी माइकसकट खाली उडी मारली. म्हाळसामावशी ओवाळायचं ताट घेऊन तशीच उभी राहिली.

"काय हाय गं?" आबांनी मान न हलवता विचारलं.

"कोश आहे, आबा. फुलपाखरू बाहेर येतंय."

"येऊ दे मग. घाई करू नगा त्याला."

जन्मभर मेंढरांमागे फिरलेला माणूस दगडासारखा बसून राहिला. कोश चिरला. त्यातून ओलं, चुरगळलेलं काहीतरी धडपडत बाहेर आलं. हे उडणार? मग त्याचे चुरगळलेले पंख थेंबाथेंबाने भरू लागले. काळ्यावर पिवळी नक्षी उमटत गेली. एवढं सगळं त्या बोटभर कोशात घडी घालून ठेवलं होतं! मांडवातली रडणारी पोरंसुद्धा खुर्च्यांवर चढून बघू लागली. मी नकळत हात जोडले. देवळातसुद्धा मी एवढ्या मनापासून जोडलेले नाहीत!

"तेच आहे," सुकन्या फोटो काढता काढता पुटपुटली. "वेगळीच जात आहे, अहो!"

तासाभराने पंख वाळले, तसा मी आणखी जवळ वाकलो. फुलपाखराने पंख उघडले, माझ्या पांढऱ्या शर्टावर पोटातले तांबूस थेंब टाकले आणि मांडवाबाहेर उडून गेलं!

"गेलं!" मी हादरलो. सुकन्या मात्र माझ्या छातीकडे टक लावून बघत होती.

"काढा."

"काय?"

"शर्ट! त्या थेंबांत त्याचा डीएनए आहे! डागाला हात लावू नका!"

गावासमोर, सासऱ्यांसमोर मी शर्ट उतरवला. सत्काराची शाल शेवटी मलाच गुंडाळण्यात आली.

"रणजितराव, तुमाला शोभती हो शाल!" आबा म्हणाले. अजूनही मान न हलवता!

पुढे तिचा शोधनिबंध छापून आला. दोन जाती सिद्ध झाल्या. फोटोत फुलपाखरू आहे, फेटा आहे, माझा शर्टसुद्धा आहे. आभारात आबांचं नाव ठळक आहे. मी भिंग घेऊन शोधलं, माझं कुठेच नाही.

"अगं, माझं नाव?"

"नमुना सांभाळणाऱ्याचं नाव देतात," ती म्हणाली. "हरवणाऱ्याचं नाही."