जयवंताचं कायमचं पत्र

जयवंताच्या मुलीला, मीराला, पहिला मुलगा झाला, त्या वर्षाची ही गोष्ट. साल एक्क्याण्णव. संपाला नऊ वर्षं होऊन गेली होती. गिरणीत जयवंताने अकरा वर्षं साचे, म्हणजे माग, चालवले ते बदली म्हणून, गैरहजर कामगाराच्या जागी. कायम होण्याची वेळ आली नि संप आला! तेवढी एक रुखरुख राहिली. माणूस जिद्दीचा. बाराखडी पस्तिशीत शिकला, इंग्रजी चाळिशीत, नि आता दादरला नाखवासाहेबांच्या कॉम्प्युटर ऑफिसात रोजंदारीवर बसून सी नावाची प्रोग्रॅम लिहायची भाषा शिकत होता.

नातवाच्या बारशाच्या सकाळी तो बायकोला म्हणाला, "सुभद्रा, आज कायमचं पत्र आणून पाळण्यात ठेवतो!"

"गिरणीत असतानापण असंच म्हणायचात."

"तिथं मुकादम होता. इथं सी आहे!"

नाखवासाहेबांची अट साधी होती. "जयवंता, एका पतपेढीच्या सभेच्या सव्वाशे नोटिसा बारापर्यंत हॉलच्या प्रिंटरवर काढ. पण सगळं तुझ्या प्रोग्रॅममधून! जमलं तर माझ्या केबिनच्या प्रिंटरवर, कंपनीच्या नावाच्या कागदावर, तुझं पत्र मी स्वतः काढतो." एवढं बोलून ते पतपेढीच्या अध्यक्षांना आणायला फणसवाडीला गेले.

आता, कागद कुठल्या प्रिंटरवर जायचे ते मशीन एका नावाखाली लिहून ठेवतं. त्या नावाला म्हणायचं एलपीडेस्ट. जयवंताने प्रोग्रॅम लिहिला. गेटएन्व्ह या हुकमाने ते नाव वाचलं: केबिन. पुटएन्व्ह या हुकमाने बदललं. पुन्हा वाचलं: हॉल!

"बघितलंस जगन? साचा लावला!"

शेजारच्या टेबलावरचा जगन मान न वळवता म्हणाला, "लय भारी, काका."

प्रोग्रॅम चालून संपला. मग जयवंताने वेगळा हुकूम देऊन ऐटीत नोटिसा छापायला सोडल्या नि हॉलच्या प्रिंटरसमोर जाऊन उभा राहिला, बारशाला आत्याबाई पाळण्याशी उभी राहते तसा. प्रिंटर ढिम्म!

परत येऊन प्रोग्रॅम चालवला. पहिलीच ओळ: केबिन.

"जगन! कोणी हात लावला?"

"कोण लावणार काका? मी इथंच आहे."

जयवंताच्या डोक्यात गिरणी शिरली. तिथं एका पाळीने साचा लावला की दुसऱ्या पाळीला तो तसाच मिळायचा. नाही मिळाला तर मधे कोणीतरी कळ काढलीय हे नक्की! त्याने खिशातून खडू काढला नि मशीनवर फुली मारली. गिरणीत फुलीच्या साच्याला हात लावायची कोणाची छाती नव्हती. पुन्हा हॉल केलं, पुन्हा नोटिसा सोडल्या. पुन्हा ढिम्म. पुन्हा केबिन!

"जगन, खुर्ची तिकडं घे!"

"काका, आता काय रस्त्यात बसू?"

असं चार वेळा झालं. केबिनचं दार बंद, आत प्रिंटर रणगाड्यासारखा खडखडत होता. जगनला वाटलं, साहेब आले असतील, आज कामाला भिडलेत. नि जयवंताचे कान अकरा वर्षं साच्यांत मुरलेले! त्यांना तो आवाज म्हणजे शांतताच.

बाराला नाखवासाहेब अध्यक्षांना घेऊन आले. केबिनचं दार उघडलं नि कंपनीच्या नावाचा सलग कागद गुडघ्यापर्यंत बाहेर आला!

"जयवंता! कोरा कागद एक नाही राहिला! सगळ्यावर नोटिसा!"

सगळ्यांना शिकवणाऱ्या कालिंदीमॅडम धावत आल्या. प्रोग्रॅम वाचला नि कपाळाला हात लावला. "काका, तुमचा प्रोग्रॅम म्हणजे बदली कामगार! त्याला नावांच्या वहीची नक्कल देतात. त्याने नकलेत काय लिहायचं ते लिहावं. त्याची पाळी संपली की नक्कल फाडून टाकतात. मूळ वही मशीनकडं, ती जशीच्या तशी."

"म्हणजे अकरा वर्षांसारखंच!" जयवंत म्हणाला. मग खुर्ची ओढली. "मॅडम, बदली कामावर असताना त्याने कोणाला काम सांगितलं तर?"

"तर त्या माणसाला बदलीची नक्कल मिळते."

"मग पाळी संपायच्या आतच छापायला लावतो!"

जयवंताने छापायचा हुकूम प्रोग्रॅमच्या पोटात घातला. अध्यक्ष उभे, साहेब उभे, जगन खुर्चीसकट लांब. सव्वाबाराला हॉलचा प्रिंटर खाकरला नि पहिली नोटीस बाहेर आली!

"उशीर झाला," साहेब म्हणाले.

"माणूस हटला नाही पण," अध्यक्ष हसत म्हणाले. "आमच्या नोटिसा तर पाचपट निघाल्या!"

साहेबांनी मान हलवली. "पण पत्र कशावर काढू आता?"

शेवटी एका वाया गेलेल्या नोटिशीच्या मागच्या बाजूला ते निघालं. खाली सही, शिक्का.

जाता जाता जयवंताने हळूच विचारलं, "मॅडम, प्रोग्रॅमशिवाय हे झालं असतं?"

"मशीनसमोर एक ओळ टाइप करून."

ते त्याने घरी सांगितलं नाही.

पत्र पाळण्यात ठेवलं, मग सुभद्राने चौकटीत घालून भिंतीवर लावलं. इंग्रजी तिला येत नव्हतं. कंपनीचं मोठं नाव असलेली बाजू तिने पुढं केली. आल्यागेल्याला ती अभिमानाने कायमचं पत्र दाखवायची, नि काचेआडून श्रीमती रखमा आनंदा कदम, करी रोड, यांना वार्षिक सभेला वेळेवर हजर राहण्याची विनंती असायची. जयवंताने चौकट कधी उलटी केली नाही. "राहू दे," म्हणायचा, "मागं आहे ते आपलंच आहे."

त्याच ऑफिसातून कायम म्हणून तो निवृत्त झाला. दोन हजार नऊ सालच्या फेब्रुवारीत, नऊ तारखेला, जयवंत वारला.